रोपं मेली, दोष कुणाचा?

मार्च संपत आला की खात्याची गाडी डोंगरात येते. पैसे ३१ तारखेच्या आत खर्ची पडायचे असतात ना! यंदा सातपुड्यातल्या आपल्या वनपट्ट्यांवर केळीची टिश्यू कल्चर रोपं उतरवली. भर दुपारी, उघड्या टेम्पोतून. पावतीवर अंगठे घेतले नि गाडी गेली. आठवड्यात पानं करपली, पंधरवड्यात रोपं गेली. आता साहेब म्हणतात, यांनी पाणीच घातलं नाही, यांना शेती जमत नाही.

पाणी आपल्या बायांनी हंड्यांनी वाहून घातलंय. मग रोपं का मेली?

हे रोप बाटलीत वाढतं. तिथे दिव्याचा मंद उजेड, हवा दमट, खायला आयती साखर. त्यामुळे पानावर मेणाचा थर पातळ राहतो आणि पानाची बारीक छिद्रं वेळेवर मिटत नाहीत. असं रोप उन्हात आणलं की मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं. बुडाशी चिखल असला तरी पान वाळतं. म्हणून त्याला आधी दमट हरितगृहात, मग निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली काही आठवडे ठेवायचं असतं. बाहेरच्या उजेडात फुटलेली नवी पानंच ऊन सोसतात. अशी पाच-सहा पानं आली की रोप शेतात. आपल्याला दिलेल्यांना दोन-तीनच होती, तीही फिकट.

मिरचीचं रोप लावलं की आपली म्हातारी पळसाची डहाळी खोचून सावली करते. खात्याला एवढंही कळू नये?

फाईलवर ‘लाभार्थीचा निष्काळजीपणा’ असा शेरा पडला की पुढच्या वर्षी विहीर नाही, बांधबंदिस्ती नाही. आणि जमीन पडीक आहे म्हणायला लोक टपलेलेच आहेत. पट्टा मिळाल्यावर जमीन सुधारायच्या योजना देणं हे वनहक्काच्या नियमांतच लिहिलंय, ती कुणाची मेहेरबानी नाही.

यापुढे रोपं उतरवून घेण्याआधी पानं मोजा. जाळीखाली किती दिवस होती ते पावतीवर लिहून मागा. पाऊस लागल्याशिवाय घेऊ नका. घेतलीच तर आधी मांडव घाला.

मेलेल्या रोपांचा पंचनामा वनहक्क समितीने लगेच करावा. रोपं उपटून फेकू नका. येत्या सोमवारी तहसीलवर तीच घेऊन जायची आहेत.