चार्ज दिला, पण किल्ली?

भाडेकरूनं खोली सोडली, की डिपॉझिट परत देण्याआधी आपण किल्ली मागून घेतो. फारच काळजी वाटली तर कुलूपही बदलतो. कचेरीतही हीच रीत होती. माणूस कार्यमुक्त होताना कपाटाच्या किल्ल्या, दप्तर, शिक्के यांचा चार्ज द्यायचा, यादीवर दोघांच्या सह्या व्हायच्या.

आता ती कपाटं कॉम्प्युटरमध्ये गेली आणि किल्लीच्या जागी लॉगिन-पासवर्ड आला. ही किल्ली माणसाच्या डोक्यात राहून त्याच्याबरोबर घरी जाते. ती परत मागता येत नाही, बंदच करावी लागते. आणि नेमकं तेच राहून जातं.

सिंगापूरच्या एनसीएस कंपनीत काय झालं बघा. तिथल्या एका भारतीय कर्मचाऱ्याची नोकरी नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. रागावून तो मायदेशी परतला, पण त्याचं लॉगिन चालूच! जानेवारी २०२३ पासून तो लॅपटॉपवरून कंपनीच्या यंत्रणेत शिरत राहिला आणि मार्चमध्ये त्यानं सॉफ्टवेअर तपासण्यासाठी ठेवलेले १८० व्हर्च्युअल सर्व्हर पुसून टाकले. नुकसान सुमारे ९ लाख १८ हजार सिंगापूर डॉलर. जून २०२४ मध्ये त्याला २ वर्षं ८ महिन्यांची कैद झाली. गुन्हा त्याचाच, पण चार महिने दार उघडं कुणी ठेवलं?

अमेरिकेतल्या कॅश ॲपमध्येही असंच घडलं. नोकरी सोडलेल्या एका कर्मचाऱ्यानं डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहकांची नावं आणि शेअर खात्यांचे क्रमांक असलेले अहवाल उतरवून घेतले. कंपनीला सुमारे ८२ लाख आजी-माजी ग्राहकांना कळवावं लागलं.

एवढ्या मोठ्या कंपन्यांत हे कसं होतं? कारण साधं आहे, मैत्रिणींनो. माणूस गेला हे आस्थापना विभागाला कळतं आणि लॉगिन बंद करणं कॉम्प्युटर विभागाच्या हातात असतं. दोघांचं बोलणंच होत नाही. रुजू होताना काय काय दिलं याची यादी नसते, मग जाताना काय काढून घ्यायचं ते कोण सांगणार? बदली झाली तर नवे अधिकार मिळतात, पण जुनेही तसेच राहतात. त्यात एकच पासवर्ड चौघांत फिरत असला, की मग बघायलाच नको.

आपल्या गावातली पतसंस्था, शाळा, दवाखाना यांनाही हे लागू आहे. आपल्या ठेवी, आधार क्रमांक, मुलांची माहिती त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये असते ना? आणि तिथं कंत्राटावर काम करणाऱ्या बऱ्याचदा आपल्याच लेकीसुना असतात. तिनं नोकरी सोडल्यावर तिच्या नावानं कुणी उद्योग केले, तर पहिलं बोट तिच्याकडेच जाणार. कारण नोंद तिच्या लॉगिनची!

उपाय महागडा नाही. एक वही पुरते. नाव, कोणतं सॉफ्टवेअर, फक्त बघायचं की बदलायचंही, परवानगी कुणाची, दिल्याची तारीख आणि बंद केल्याची तारीख. कामापुरतेच अधिकार द्यावेत. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं बंद करून सही घ्यावी. दर तीन महिन्यांनी ही वही पगारपत्रकाशी ताडून बघावी. पगारपत्रकात नाही आणि वहीत चालू आहे, असं नाव दिसलं तर त्याच दिवशी चौकशी. नाहीतर वरातीमागून घोडं!

आणि आपल्या मुलींना सांगा, नोकरी सोडताना 'माझं लॉगिन बंद करावं' असा अर्ज द्या, पोच घ्या. साहेबांनी मागितला तरी आपला पासवर्ड देऊ नका. जुन्या लॉगिननं सहज म्हणूनही डोकावू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरल्यास भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

संस्थेच्या वार्षिक सभेत आपण लाभांशाबद्दल विचारतोच. यंदा आणखी एक विचारू या : गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद केलीत का? वही दाखवा.