कुंपण आणि शेत : पीट रोझच्या बचावातील एका वाक्याची झडती

(थ्रेड)

बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक हिट्स पीट रोझच्या नावावर आहेत : ४,२५६. ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट स्टेडियमवर त्याने टाय कॉबचा विक्रम मागे टाकला, तेव्हा तो सिनसिनाटी रेड्स या संघाचा खेळाडू होता आणि मॅनेजरही. त्यानंतर चार वर्षेही झाली नव्हती, तोच २४ ऑगस्ट १९८९ रोजी याच माणसाने खेळातून कायमच्या हद्दपारीच्या करारावर सही केली. कारण सट्टा.

या प्रकरणात एक वाक्य गेली पस्तीस वर्षे ढालीसारखे पुढे केले जाते : ‘पण त्याने आपल्या संघाविरुद्ध कधीच पैज लावली नाही.’ हे वाक्य बहुधा खरे आहे. तो संघाच्या पराभवावर पैसे लावत असल्याचा पुरावा चौकशीत सापडला नाही. तरीही बचाव म्हणून हे वाक्य पूर्णपणे फोल आहे.

ते फोल का, हे कळण्यासाठी आधी बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे कोण हे नीट समजले पाहिजे. क्रिकेटच्या सवयीने आपण मैदानावरच्या कर्णधाराकडे पाहतो. बेसबॉलमध्ये ती सत्ता मैदानाबाहेर बसलेल्या माणसाकडे असते. आज कोण खेळणार, फलंदाजीचा क्रम कोणता, पिचर किती वेळ टिकवायचा, कधी बदलायचा, त्याच्या जागी कोणाला आणायचे, हे सगळे मॅनेजर ठरवतो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक बदल हा अंतिम खर्च असतो.

आणि मोसम १६२ सामन्यांचा असतो. साधारण सहा महिने, जवळजवळ रोज एक सामना. इथेच मॅनेजरच्या कौशल्याची खरी कसोटी आहे. चांगला मॅनेजर आजचा सामना कधी कधी हातचा जाऊ देतो. सलग दोन रात्री चेंडू टाकलेल्या रिलीफ पिचरला तिसऱ्या रात्री तो बसवून ठेवतो, कारण तो खांदा सप्टेंबरमध्ये लागणार असतो. बारीक दुखापत असलेल्या खेळाडूला तो विश्रांती देतो. हा हिशेब सहा महिन्यांचा असतो. पैजेचा हिशेब मात्र त्याच रात्री पुरा होतो.

आता या मॅनेजरने आजच्या विजयावर दोन हजार डॉलर लावले आहेत असे समजा. सामना जिंकण्याची त्याची इच्छा प्रामाणिकच आहे. नेमकी तीच अडचण आहे. आजचा विजय त्याच्यासाठी परवाच्या विजयापेक्षा अचानक मोलाचा झाला. थकलेला पिचर उठवायचा की नाही, या प्रश्नात आता एक असा पक्षकार शिरला आहे, ज्याचे नाव संघाच्या यादीत कुठेच नाही. आणि पणाला लागलेला खांदा मॅनेजरचा नाही. महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न इथेही तसाच उभा राहतो : जे तुझे नव्हते, ते तू पणाला लावलेस कोणत्या अधिकाराने?

१९८७ च्या मोसमाचे उदाहरण घ्या. रोझच्या चौकशीसाठी नेमलेले वकील जॉन डाउड यांच्या २२५ पानी अहवालात त्याच वर्षातील रेड्सच्या ५२ सामन्यांवरील पैजांचा तपशील आहे. त्या मोसमात रेड्सचा रिलीफ पिचर रॉब मर्फी ८७ सामन्यांत उतरला, फ्रँक विल्यम्स ८५ सामन्यांत. हे आकडे प्रचंड आहेत. पण घाईने निष्कर्ष काढू नये : त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा केंट टेकुल्वी तब्बल ९० सामन्यांत उतरला होता आणि तिथल्या मॅनेजरवर सट्ट्याचा कोणताही आरोप नव्हता. म्हणजे आकडा स्वतः काहीच सिद्ध करत नाही. फरक पुढे आहे. फिलाडेल्फियाच्या मॅनेजरवर टीका करायची तर त्याचा निर्णय चुकला असे म्हणून थांबता येते. सिनसिनाटीत तसे थांबता येत नाही. तिथे मर्फीला ज्या ज्या रात्री उठवले, त्या प्रत्येक रात्रीविषयी विचारावे लागते की हा डाव संघासाठी होता की बुकीकडच्या खात्यासाठी. रेड्स त्या वर्षी ८४ सामने जिंकले आणि आपल्या गटात सहा सामन्यांच्या अंतराने दुसरे आले. ते अंतर पैजांमुळे पडले असे कोणी सिद्ध करू शकत नाही. पडले नाही, असेही कोणी कधी सिद्ध करू शकणार नाही. मॅनेजरने केलेले नुकसान ते हेच.

२००७ मध्ये रोझने सांगितले की तो रोज रात्री आपल्या संघावर पैज लावत असे. यात त्याला निष्ठेचा पुरावा दिसत होता. हा दावा दोन्ही बाजूंनी कापतो. तो खरा मानला, तर मोसमातील प्रत्येक रात्र गहाण पडलेली होती. खोटा मानला, तर प्रकरण आणखी गंभीर होते, कारण मग ज्या दिवशी मॅनेजर पैज लावत नाही, तो दिवसही बोलू लागतो. संघाच्या आतली सर्व माहिती असलेला माणूस आज आपल्याच संघावर पैसे लावायला कचरतो आहे, हे बुकीला सर्वांत आधी कळते. रोझने तोंडातून एक शब्द काढला नाही तरी बातमी पोचलेली असते.

त्यात हे व्यवहार बेकायदा बुकींशी, मध्यस्थांमार्फत आणि बरेचदा उधारीवर चालत. थकलेल्या रकमांचा उल्लेख अहवालात आहे. देणेकरी मॅनेजरकडे बुकी काय मागू शकतो, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. रोझकडे कोणी तसे मागितले असे दिसत नाही. पण कुंपणानेच शेत खाल्ले का, हा प्रश्न कुंपण सावकाराकडे गहाण पडल्यावर विचारून काय उपयोग?

हा नियम कुठून आला, हेही पाहायला हवे, कारण तो रोझचा काटा काढण्यासाठी घडवला गेला असा सूर अधूनमधून ऐकू येतो. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला. (त्यांच्यावर विजय मिळवणारा संघ सिनसिनाटी रेड्सच होता. इतिहासाला असल्या खोड्या आवडतात.) ऑगस्ट १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे पहिले कमिशनर, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचे बाहेर काढले. त्यांत बक वीव्हर होता. त्याने पैसे घेतल्याचे कधीच दिसून आले नाही आणि त्या मालिकेतील त्याचा खेळही उत्तम होता. त्याचा गुन्हा एवढाच की कट ठाऊक असून तो गप्प राहिला. पुढची पस्तीस वर्षे तो पुनर्विचाराचे अर्ज करत राहिला आणि १९५६ मध्ये तसाच वारला.

मात्र सगळ्यांना हाच न्याय मिळाला नाही. १९२६ च्या अखेरीस टाय कॉब आणि ट्रिस स्पीकर या दोन महान खेळाडूंवर १९१९ मधील एका सामन्याच्या निश्चितीचा व त्यावरील पैजेचा आरोप उघड झाला. दोघेही तेव्हा आपापल्या संघांचे मॅनेजर होते. दोघांनी पदे सोडली. जानेवारी १९२७ मध्ये लँडिस यांनी दोघांना दोषमुक्त केले. नाव मोठे असले की तराजू हलतो, हे त्या हिवाळ्यात साऱ्या देशाने पाहिले. त्याच प्रकरणाच्या धगीत आजचा नियम लिहिला गेला : ज्या सामन्याशी आपले कर्तव्य जोडलेले नाही त्यावर पैज लावल्यास एक वर्ष बंदी, आणि जोडलेले असल्यास कायमची अपात्रता. जिंकण्यावर की हरण्यावर, हा भेद नियमात नाही. तो विसरून राहिलेला नाही. हा नियम प्रत्येक क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला असतो. चोवीस मोसम खेळलेल्या रोझने तो हजारो वेळा पाहिला असणार. शिवाय ज्या कॉबच्या प्रकरणातून तो जन्मला, त्याचाच विक्रम रोझने मोडला होता.

रोझच्या बाजूने सर्वांत सबळ मुद्दा वेगळाच आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिक ठरेल. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केले. त्याच वर्षी मेजर लीग बेसबॉलने एका बड्या कॅसिनो कंपनीशी भागीदारी केली. आज प्रक्षेपणात चेंडूगणिक भाव झळकतात. १ जानेवारी २०२३ रोजी ओहायोत सट्टा कायदेशीर झाला, तेव्हा सिनसिनाटीच्या एका कॅसिनोत पहिली पैज लावण्यासाठी बोलावले गेले ते खुद्द रोझला. हा दांभिकपणा किळसवाणा आहे, यात वाद नाही. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष रोझच्या समर्थकांच्या अगदी उलट आहे. प्रेक्षकांना पैज लावायला सांगणाऱ्या खेळाने तर निर्णय घेणाऱ्यांचे हात अधिकच कोरडे ठेवले पाहिजेत. शेअर बाजार सर्वांना खुला आहे, म्हणून कंपनीच्या संचालकाला आतल्या बातमीवर सौदे करायची मोकळीक मिळत नाही. जून २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या तरुण खेळाडूला कायमचे बाहेर काढण्यात आले. ज्या संघाच्या जखमी यादीत तो होता, त्याच संघाच्या सामन्यांवर त्याने पैजा लावल्या होत्या. त्याच्यासाठी स्वाक्षऱ्यांच्या मोहिमा निघाल्या नाहीत. त्याच्या नावावर ४,२५६ हिट्स नाहीत ना.

रोझने जवळजवळ पंधरा वर्षे सगळे नाकारले. या काळात त्याने डाउड यांना खोटे ठरवले, हजारो चाहत्यांना आपल्यासाठी भांडायला लावले, आणि २००४ मध्ये एका पुस्तकातून, म्हणजे विकत, कबुली दिली. मॅनेजर असताना केलेल्या पैजांपुरतीच ती होती. २०१५ मध्ये एका साथीदाराची वही समोर आली आणि १९८६ मध्ये, अजून खेळत असतानाही, तो पैजा लावत होता हे दिसले. करार करणारे कमिशनर बार्टलेट जियामाटी हे प्रबोधनकालीन साहित्याचे अभ्यासक आणि येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. करारानंतर आठच दिवसांनी, १ सप्टेंबर १९८९ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांना खोटे ठरवणारी पंधरा वर्षे त्यांच्या मृत्यूनंतर गेली. उत्तर द्यायला ते नव्हते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी रोझ वारला. १३ मे २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच्यासाठी उघडपणे आवाज उठवल्यानंतर, कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवले की कायमची अपात्रता मृत्यूबरोबर संपते. मृत माणसापासून खेळाला धोका नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. पण ही शिक्षा मृतांसाठी नव्हतीच. ती क्लबहाउसच्या भिंतीवरचा नियम वाचणाऱ्या जिवंत माणसासाठी होती, आणि त्याला आता कायमचा या शब्दाचा नवा अर्थ कळला आहे.

रोझचे ४,२५६ हिट्स कोणी पुसलेले नाहीत. ते नोंदवहीत आहेत आणि तिथेच राहावेत. प्रश्न हॉल ऑफ फेममधील सन्मानफलकाचा आहे. संबंधित समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल आणि नव्या निर्णयामुळे यादीतून निघालेली नावे तिच्यापुढे येऊ शकतील. त्यांत बक वीव्हरही आहे. त्याने पैज लावली नव्हती, पैसे घेतले नव्हते, आणि तो कोणत्याही संघाचा मॅनेजर नव्हता.