बोर्डाचं सोडा, सप्लायचं बोला

टेक्निकल इव्हेंट जवळ आला की दरवर्षी कुणीतरी इंडक्शन हीटर करायला घेतंच. घ्यावाच! लोखंडी बोल्ट कशालाही न टेकता लालबुंद होताना बघणं हे फॅरडेचा नियम जर्नलमध्ये दहा वेळा उतरवण्यापेक्षा कितीतरी भारी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ग्रुपमधले चौघं वर्गणी काढतात, '४८ व्होल्ट, २० अँपिअर, १००० वॅट' असं मिरवणारा तयार बोर्ड मागवतात, तांब्याची नळी वळवतात, फोटोही काढतात. आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात विचारतात, "अरे, याला सप्लाय कुठला लावायचा?"

माझ्या मते हा प्रश्न पहिल्या दिवसाचा आहे आणि बजेटचा मोठा वाटाही त्याचाच. बोर्डावर असतं काय, दोन मॉस्फेट, दोन चोक आणि कपॅसिटरची एक रांग. ताकद मागूनच यावी लागते.

पहिली धाव अर्थातच जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसकडे. फुकट मिळतो ना! पिवळ्या-काळ्या तारा जोडायच्या, बटण दाबायचं, पंखा जरासा फिरतो आणि सगळं गप्प. मग बोर्ड विकणाऱ्याच्या नावानं शिमगा. बोर्ड बिचारा बहुतेक वेळा चांगला असतो. या झेडव्हीएस सर्किटमध्ये एक मॉस्फेट चालू झाला की तो दुसऱ्याचं गेट खाली ओढतो, आणि अशी आलटून पालटून खेचाखेच चालू राहते. पण ती सुरू व्हायला व्होल्टेज एकदम यावं लागतं. एसएमपीएस ते सावकाश चढवतो. दोन्ही मॉस्फेट अर्धवट उघडतात, ऑसिलेशन सुरूच होत नाही आणि चोकमधून सरळ शॉर्ट. सप्लायचं प्रोटेक्शन पडलं तर नशीब, नाहीतर मॉस्फेट गेले. म्हणून सप्लाय आधी चालू करून स्थिर होऊ द्यावा आणि मग डीसीच्या बाजूला जाड कॉन्टॅक्टचा रिले टाकून बोर्ड जोडावा. एवढं करूनही जाड बोल्ट आत घातल्यावर करंट वाढतो, व्होल्टेज बसतं आणि पुन्हा तीच रड. थोडक्यात, सप्लायमध्ये ऐसपैस जागा हवी.

बॅटरी या बाबतीत झकास. यूपीएसच्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये लावा, २४ व्होल्ट ताठ उभे राहतात. पण १५ अँपिअर खेचले तर वीस मिनिटंही टिकत नाहीत, आणि शॉर्ट झाल्यावर बॅटरी थांबत नाही, तार वितळवते. पॉझिटिव्ह टर्मिनललाच लागून फ्यूज नसेल तर जोडूच नका.

माझं मत ट्रान्सफॉर्मरला. जड, गुणगुणणारा, पण समजूतदार प्राणी. फक्त घेताना गणित करा. बोर्डावर ४८ लिहिलंय म्हणून ४८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणणारे महाभाग आहेत. ४८ एसी म्हणजे पीक ६८, ब्रिजमध्ये दोन व्होल्ट गेले तरी कपॅसिटरवर ६६ डीसी. या सर्किटमध्ये मॉस्फेटवर सप्लायच्या पाय पट, म्हणजे ३.१४ पट व्होल्टेज येतं. झाले २०७! आणि आयआरएफपी२६० ची मर्यादा २०० व्होल्ट. स्फोट ठरलेला. तेच २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला ३२ डीसी आणि मॉस्फेटवर शंभरेक व्होल्ट. निवांत. ५०० व्हीएचा घेतला तर एसीला २० अँपिअर, पण ब्रिज आणि कपॅसिटरनंतर सतत साधारण १२ च धरा. म्हणजे पावणेचारशे वॅट. 'हजार वॅट' विसरा. एवढ्यात बोल्ट मस्त लाल होतो.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायची आहे. "लॅबमधला व्हेरिअ‍ॅक आहे की, त्यालाच ब्रिज लावू," असं कुणी म्हणालं तर हात धरा. व्हेरिअ‍ॅक हा ऑटोट्रान्सफॉर्मर. डायल वीस व्होल्टवर असली तरी मेन्सपासून तो वेगळा नाही, आणि आपण तर उघड्या तांब्याच्या कॉइलमध्ये पकडीनं बोल्ट धरणार! मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर भंगारातून आणणाऱ्यांनाही तेच. त्याची सेकंडरी दोन हजार व्होल्टच्या आसपास देते. ती पूर्ण कापून जाड तारेचे नवे वेढे घातल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

आता मुद्द्याचं. प्रत्येक ग्रुपनं बुधवार पेठेत नाहीतर लॅमिंग्टन रोडला वेगळा खर्च का करायचा? बोर्ड प्रोजेक्टबरोबर कपाटात जातो, ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं चालतो. डिपार्टमेंटनं २४ व्होल्ट, एक केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यावा. पेटीत ब्रिज, कपॅसिटर, फ्यूज, अ‍ॅमीटर आणि लाल बटण, बाहेर दोन जाड टर्मिनल. वहीत सही करून न्यायचा, परत आणून ठेवायचा. वाइंडिंगची आकडेमोड थर्ड इयरची मुलंच करतील, मशिन्सच्या पेपरला तेवढं येतंच.