पाच सेंट गेले कुठे?

मोडीत घेतलेला हिरा वहीत 1.02 कॅरट, डबीत 0.97. तपासणीला आलेले साहेब विचारतात, उरलेले पाच सेंट कुठे? पॉलिशच्या घंटीवर गेले म्हटलं, तर म्हणे भुकटी दाखवा! ती नसेल तर तेवढ्या मालाचं क्रेडिट रिव्हर्स करा. अहो, घरगुती गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या हिऱ्यावर क्रेडिट घेतलंच नव्हतं, रिव्हर्स काय करायचं? सोन्याच्या भावामुळे जुनं मोडून नवं घडवणारे वाढलेत, तशी आमच्याकडे येणारी अशी पत्रंही वाढली आहेत.

खरी गोम जीएसटीच्या नियम 32(5) मध्ये आहे. जुन्या मालावर फक्त नफ्यापुरता कर, पण माल आहे तसा किंवा मूळ स्वरूप न बदलणारी किरकोळ प्रक्रिया करून विकला तरच. किरकोळ म्हणजे किती? टेबलावरचे ओरखडे काढणं, झिजलेल्या पैलूंच्या कडा उठवणं, पंज्याखालचा गर्डलचा टवका घालवणं हे आमच्या मते किरकोळच. ओल्ड माइन कटचा राउंड ब्रिलियंट केला तर मात्र घाटच बदलला. 1852 साली लंडनमध्ये कोहिनूरचं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन उतरवलं; त्याला किरकोळ म्हणायला आम्हीही धजणार नाही. नव्या अंगठीत जडवला की पूर्ण किमतीवर 3 टक्के, त्यातही वाद नाही. वाद सुट्या नगाचा, त्याचा दर निम्मा. 1,80,000 ला घेऊन, पॉलिश करून 2,10,000 ला विकला, तर कर 450 रुपये की 3,150? समोर कोणता अधिकारी बसलाय, त्यावर! एका परिपत्रकाचं काम आहे, पण ते काढायला कुणाला सवड नाही.

आणि आपली मंडळी? जांगडावर ‘हिरा 1 नग, पॉलिश’ एवढंच खरडतात. जाताना-येताना वजन नाही, मापं नाहीत, सर्टिफिकेटचा नंबर नाही. गर्डलवरचा लेझरचा नंबर घासून गेला, वजन बदललं, तरी बिलाला जुनंच सर्टिफिकेट जोडणारे महाभाग आहेत. काचेचं फिलिंग आहे का हे न बघता नग घंटीला देणारेही आहेत. गिऱ्हाइकाचाच हिरा असेल, तर कॅरटच्या खाली उतरल्यावर भावाची पायरी बदलते, हे काम द्यायच्या आधी सांगा आणि सही घ्या. घट वहीत लिहायला नियम 56 सांगतोच. मग लिहा ना!

असं परिपत्रक मागणारं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. जांगड, दोन्ही वेळचं वजन आणि आलेली नोटीस यांच्या प्रती गिऱ्हाइकाचं नाव झाकून पाठवा. नुसती तोंडी गाऱ्हाणी सांगू नका.