विम्याचे कवच आणि कोपीतले दुखणे

महासाथीने साऱ्यांना एकाच नावेत बसविले, असे म्हटले गेले. वस्तुतः नाव एक नव्हती. वादळ तेवढे एक होते. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्वांना खुली केली. २०२३ मध्ये विम्याचे कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. ही पावले निःसंशय स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांनी विषमता कितपत घटेल?

बारामती तालुक्यातील सांगवीचा परिसर पाहावा. उसाचा हा बागायती मुलूख. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरीही हंगामात फडाकडेच्या कोपीत उतरणाऱ्या ऊसतोड जोडप्याला ते दूरच वाटते. मुकादमाकडून उचल घेतलेली; खाडा झाला की मजुरी बुडते. म्हणून ताप अंगावर काढला जातो आणि रक्तदाब तपासलाच जात नाही. मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल भरणारी योजना बुडालेला रोज भरून देत नाही. प्राथमिक उपचार हाताशी नसले म्हणजे काय घडते, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या प्रकरणाने दाखविले आहे.

दोष निकषातही आहे. मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे सूत्र ठरले आहे. पण हे सूत्र ठायी राहणाऱ्यांचाच विचार करते. सहा-सहा महिने परगावी राबणारा मजूर गावच्या हिशेबात असतो, फडाच्या हिशेबात नसतो.

तिजोरीत पैसा नाही, हा आक्षेप नेहमीचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते साध्य झालेले नाही. मात्र रक्तदाबाच्या गोळीचा खर्च पक्षाघाताच्या उपचारांपुढे नगण्य असतो, हेही अर्थशास्त्रच आहे.

तेव्हा हंगामी लोकसंख्या धरून औषधे व कर्मचारी द्यावेत, रिक्त पदे भरावीत, तोड संपल्यावर सायंकाळी दवाखाना उघडा असावा आणि आजारपणाच्या दिवसांची मजुरी मिळावी. १९४६ मध्ये भोर समितीने ऐपतीअभावी कोणीही उपचारास मुकू नये, असे तत्त्व मांडले होते. ते कागदावरून कोपीपर्यंत जाईल, तेव्हाच महासाथीचा धडा आपण शिकलो असे म्हणता येईल.