गाड्यांचे बिऱ्हाड मोशीत

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकून, देहू-आळंदीचा रस्ता जेथे छेदून जातो त्या मोशीच्या चौकात उभे राहिले असता, चाकणच्या दिशेने सरकणारी मालमोटारींची जी रांग दृष्टीस पडते, तिच्यातील पुष्कळशा गाड्या चार, सहा किंवा आठ गाड्यांवर प्रपंच चालविणाऱ्या लहान मालकांच्या असतात, ही गोष्ट या पट्ट्याच्या औद्योगिक वैभवाची वर्णने करणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. १९९९ च्या सुमारास बजाजचा कारखाना, २००९ मध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन, आणि पुढच्याच वर्षी महिंद्र अशा क्रमाने चाकणचे रूप पालटत गेले. एरवी कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ख्यात असलेल्या या गावी सुट्या भागांची ने-आण हा एक प्रमुख उद्योग होऊन बसला. तेव्हा सोलापूर-नगरकडच्या एखाद्या मालकाने, ऊस आणि कांदा यांच्या हंगामी भाड्यांना विटून, आपल्या पाच-सहा गाड्यांसह इकडे स्थलांतर करण्याचा विचार करावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र असे मालक भेटले की प्रथम विचारतात ते गाड्या उभ्या करण्याच्या जागेचे, मग कंपनीतल्या ओळखीचे, आणि चालकाचा विषय निघतो तो अगदी उठता उठता. हा क्रम उलटा असावयास हवा, असे माझे मत आहे.

सरकारदरबारचे काम त्या मानाने सोपे असते. धंद्याचे ठिकाण बदलल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांच्या आत नव्या हद्दीतील नोंदणी अधिकाऱ्यास पत्ता कळवावा लागतो, आणि येथे ते कार्यालय मोशी प्राधिकरणातच आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचा ना-हरकत दाखला निघण्यापूर्वी त्याचा एकही हप्ता थकीत नसावा, एवढे सांभाळले म्हणजे झाले. सोलापूरचा एमएच-१३ जाऊन एमएच-१४ येत नाही, तोच क्रमांक राहतो, याची कित्येकांना उगाच चिंता लागून राहते.

अटॅच गाड्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्वतःच्या पाच गाड्यांनी कंपनीची मागणी पुरी होत नाही, म्हणून आणखी दोघा-तिघांच्या गाड्या भाडेपट्ट्याने जोडून घ्याव्या लागतात. आणि हा सारा व्यवहार, गाववाला आहे, पाहुण्यातला आहे, एवढ्याच भरवशावर, चहाच्या टपरीवर तोंडी उरकला जातो. डिझेल कोणाचे, टायर कोणाचे, कंपनीचे बिल दीड महिन्याने वसूल होईतो जोडीदाराचा हप्ता कोणी भरावयाचा, यांतले काहीही लिहिलेले नसते. अपघात झाल्यावर मात्र कायद्याला कागदच लागतो. भाडेपट्ट्याचा करार असेल तर ज्याच्या ताब्यात वाहन आहे तोच मालक, अशी व्याख्या कलम २(३०) मध्ये आहे. एरवी ज्याच्या नावे नोंदणी आहे त्याच्यावर भरपाईचा बोजा पडतो, आणि गाडी विकून टाकली होती एवढे म्हणून नोंदलेल्या मालकाची सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ताबा कोणाकडे, विमा कोणी भरावयाचा आणि मुदत किती, हे मुद्रांकाच्या कागदावर उतरविल्याखेरीज पाहुण्याचीही गाडी जोडून घेऊ नये; पाहुणेपण टिकावे अशी इच्छा असेल तर मुळीच घेऊ नये.

आता चालक. कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत नाशिक रस्त्याच्या कडेला सायंकाळी थांबलेल्या गाडीजवळ जाऊन पाहावे: मागच्या चाकाला दगड लावलेला, फाळक्याला धुतलेला शर्ट वाळत घातलेला, दोन चाकांच्या आडोशाला लहानशा सिलिंडरच्या शेगडीवर भात शिजत असलेला, आणि आंघोळीचे पाणी कोठे मिळेल याची पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याजवळ चौकशी चाललेली. ज्या पट्ट्यात कोट्यवधींच्या मोटारी तयार होतात, तेथे त्यांचे भाग वाहून आणणाऱ्याला प्रातर्विधीसाठी जागा शोधावी लागते, हे मला अत्यंत लज्जास्पद वाटते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ५ किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा घालून दिली. परंतु गेटबाहेर नंबराच्या प्रतीक्षेत गेलेली रात्र काम म्हणून कोणाच्याही वहीत चढत नाही. २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात असा नियम झाला, तो स्तुत्यच होय. लहान मालकाची गाडी बहुधा जुनी घेतलेली असते, तेव्हा तिच्या चालकाला त्या गारव्याचा लाभ होण्यास काही वर्षे लोटतील. जानेवारी २०२४ मध्ये अपघातस्थळावरून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद पाहून चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पंपांवर रांगा लागल्या आणि या माणसांवाचून आपले किती अडते ते दोन दिवसांत सर्वांना कळले. जमाव मारील या भयाने आपल्यातला माणूस पळतो, हे त्यांचे म्हणणे कोणी शांतपणे ऐकून घेतल्याचे मला आठवत नाही.

चालक मिळत नाहीत, उचल घेऊन पळतात, अशी मालकांची तक्रार असते. उचल घेऊन जाणारे असतात हे खरे; पण ज्या मालकाच्या वहीत भत्ता, टोल आणि पंक्चर यांचा जमाखर्च प्रत्येक फेरीला चालकासमक्ष मिटविला जातो, त्याच्याकडचा माणूस सहसा दुसरीकडे जात नाही, हे मी या धंद्यात वारंवार पाहिले आहे. म्हणून मोशीत जागेचा करारनामा करण्यापूर्वी मालकाने आपल्या गावच्या जुन्या चालकांना एकत्र बसवून कोण येणार, कोणाचे आईबाप गावी एकटे आहेत, कोणाची मुले कोणत्या इयत्तेत आहेत, हे विचारून घ्यावे. जागा घेताना दोन खोल्या, मोरी आणि संडास यांची तजवीज गाड्यांच्या तळाबरोबरच करावी. आणि चाकणच्या कामात कितीही गढून गेला तरी गावाकडच्या जुन्या व्यापाऱ्याचे आठवड्याचे एक भाडे सोडू नये, म्हणजे परतीची फेरी रिकामी जाणार नाही आणि पाळीपाळीने प्रत्येक चालकाला एक रात्र आपल्या घरी काढता येईल.