काइटसर्फिंगची पहिली खरेदी

काइटसर्फिंगमध्ये माणसाला ओढणारे बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा 12 नॉटवरून 18 नॉटवर गेला, म्हणजे दीडपट झाला, की त्याच काइटची ओढ सव्वादोनपट होते. (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.) कोणती साधने घ्यायची, कुठे शिकायचे आणि कोणत्या क्रमाने शिकवायचे, हे सारे या एका हिशेबावर ठरते. नवशिक्याची खरेदी मात्र बहुधा बोर्डाच्या रंगापासून सुरू होते आणि शिकवणीपाशी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. हा क्रम उलटा करणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम आहे.

हवा भरून फुगवायच्या काइटचे पेटंट ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी 1984 मध्ये घेतले. काइट पाण्यात पडली तरी बुडू नये आणि तिथूनच पुन्हा उचलता यावी, हा त्यांचा हेतू होता. खेळ फैलावला तो 1990 च्या दशकाच्या अखेरीस. सुरुवातीच्या इंग्रजी ‘सी’ आकाराच्या काइटची ओढ चालू वाऱ्यात फारशी कमी करता येत नसे. जोराचा झोत आला की माणूस उचलला जाई. 2005 च्या सुमारास आलेल्या ‘बो’ जातीच्या काइटने हे बदलले. दांडा पुढे सोडला की काइटचा कोन बदलतो आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते. आज नवशिक्यासाठी योग्य समजल्या जाणाऱ्या बो, डेल्टा आणि संकरित काइट याच तत्त्वावर चालतात. स्वस्तात मिळते म्हणून 2005 पूर्वीची काइट शिकाऊ माणसाच्या हाती देणे हा निव्वळ अविचार आहे.

आकार ठरवण्याचा ढोबळ नियम सोपा आहे. माणसाचे किलोमधले वजन नॉटमधल्या वाऱ्याने भागायचे आणि 2.2 ने गुणायचे. येणारा आकडा चौरस मीटरमध्ये काइटचे क्षेत्रफळ देतो. 80 किलोच्या माणसाला 15 नॉट वाऱ्यात 12 मीटरच्या आसपासची काइट लागते, 60 किलोच्या माणसाला 9 मीटरची पुरते. परदेशी पुस्तकांतून आणि विक्रेत्यांच्या तक्त्यांतून ‘पहिली काइट 12 मीटरची’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो 75-80 किलोच्या शरीराला धरून दिलेला असतो. आपल्याकडच्या साठ किलोच्या मुलाने किंवा पन्नास किलोच्या मुलीने तो जसाच्या तसा पाळला तर पहिल्याच दिवशी त्यांच्या वाट्याला गरजेपेक्षा बरीच जास्त ओढ येईल. शिवाय नियमाने निघालेला आकडा पाण्यावर तरबेज झालेल्यासाठी असतो. शिकताना त्याहून एक आकार खाली राहिलेले बरे.

काइटपेक्षाही बारकाईने पाहायची वस्तू म्हणजे दांडा आणि त्याची सोडवणूक-यंत्रणा. साधारण 20 ते 24 मीटर लांबीच्या चार किंवा पाच दोऱ्या दांड्यापाशी येतात आणि ‘चिकन लूप’ नावाच्या कड्यातून अंगावरच्या पट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या, हुकाला जोडल्या जातात. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला ढील, खेच आणि गोता यांची जाण आधीपासून असते आणि ती इथे उपयोगीही पडते. पण त्या पतंगाची दोरी हातात असते, नको तेव्हा सोडून देता येते. इथे दोर कमरेला बांधलेला आहे. म्हणून एका हाताने, न बघता, पूर्ण ताणाखाली उघडणारे ‘क्विक रिलीज’ हा या खेळाचा कणा आहे. त्यासाठी आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानक 2020 मध्ये आले. नवा दांडा घेताना त्याची खूण पाहावी. रिलीज उघडल्यावर काइट एकाच दोरीवर, म्हणजे सुरक्षा लीशवर, फडफडत पडते आणि तिची ओढ संपते. लीशलाही वेगळे रिलीज असते. दोन्ही रिलीज विद्यार्थ्याने डोळे मिटून, जमिनीवर, पुन्हा पुन्हा उघडून दाखवल्याशिवाय त्याला पाण्यात सोडू नये.

हार्नेस दोन प्रकारचे असतात: कमरेचे आणि बैठकीचे. शिकाऊ माणूस काइट बराच वेळ डोक्यावर धरून ठेवतो, त्यामुळे कमरेचे हार्नेस वर सरकून बरगड्यांत रुतते. बैठकीचे हार्नेस दिसायला ओबडधोबड असते, पण सरकत नाही. हेल्मेट, धक्का सोसणारे जाकीट आणि दोरी कापायची छोटी सुरी यांत काटकसर करू नये. बोर्डावर फार विचार करायची गरज नाही. दोन्ही टोकांनी सारखा असणारा ‘ट्विन टिप’ घ्यावा, नेहमीपेक्षा थोडा लांब आणि रुंद, साधारण 138 ते 145 सेंटीमीटरचा. मोठा बोर्ड कमी ओढीत तरंगतो आणि चुका पोटात घालतो. ऑलिंपिकमध्ये पॅरिस 2024 च्या वेळी, मार्सेयच्या समुद्रात, ज्या हायड्रोफॉइलवर स्पर्धा झाल्या ते पाण्याखाली पाते असलेले साधन वेगळ्याच टप्प्याचे आहे. पदकांची छायाचित्रे पाहून पहिली खरेदी फॉइलची करणारे कमी नाहीत.

वापरलेली साधने घ्यायला हरकत नाही, किंबहुना तीच घ्यावीत, कारण पहिल्या मोसमात काइट वाळूवर आपटणारच. मात्र तपासणी घाईने करू नये. काइट पूर्ण फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी पुढची नळी मऊ लागली तर आतली हवेची पिशवी (ब्लॅडर) किंवा झडप गळते आहे. कापड कागदासारखे करकरीत राहिले नसेल, हाताला लुळे लागत असेल, तर उन्हाने त्याचा जीव घेतला आहे. चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणाव्यात. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त असल्याने त्या काळाने लांबतात आणि मग दांडा सोडूनही काइटची ओढ हवी तशी राहत नाही. गिऱ्हाइकाला वाटते काइटच खराब आहे. रिलीज मीठ आणि वाळूने अडलेले नाही ना, हे भार टाकूनच पाहावे.

खरेदीच्या आधी शिकवणी. आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेच्या, म्हणजे आयकेओच्या, पद्धतीत पायऱ्या ठरलेल्या आहेत: वाऱ्याची खिडकी, म्हणजे काइट जेवढ्या जागेत उडू शकते ती जागा, समजणे; दोन-तीन चौरस मीटरची ट्रेनर काइट जमिनीवर उडवणे, मग बोर्डाशिवाय काइटने पाण्यातून ओढत जाणे, त्यानंतर बोर्डावर उभे राहणे आणि शेवटी वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला चढत निघालेल्या जागी परत येणे. यातली बोर्डाविना ओढत जाण्याची पायरी विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते आणि काही शिक्षक ती उरकून टाकतात. वास्तविक सुटलेल्या बोर्डापर्यंत पोहोचण्याचा तोच एक मार्ग आहे. बहुतेकांना बोर्डावर उभे राहायला नऊ ते बारा तासांची शिकवणी लागते. काइट कोणती घ्यायची हे त्या तासांत विद्यार्थ्याला आपोआप कळते. म्हणून ट्रेनर काइट, हेल्मेट आणि हार्नेस यांपलीकडे त्याआधी काही विकत घेऊ देऊ नये.

जागेचा प्रश्न मराठी मुलखात अवघड आहे. कोकणात वारा भरपूर असतो तो पावसाळ्यात, पण तेव्हा तो समुद्रावरून थेट किनाऱ्यावर येतो, लाटा फुटत असतात आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने मदतीला जवळपास होडीही नसते. गोव्यात मोरजी परिसरात हिवाळा सरताना दुपारचा खारा वारा किनाऱ्याला तिरका वाहतो आणि तो शिकण्यास सोयीचा आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तेव्हा कुंपण घातलेल्या जागेजवळ काइट पसरू नये. खरी शाळा मात्र तमिळनाडूत, रामेश्वरम आणि तुतिकोरीनकडे. रामेश्वरम बेट असल्यामुळे उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या नैऋत्य वाऱ्यात एक बाजू आणि हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यात दुसरी बाजू वापरता येते; उथळ पाणी हा आणखी एक फायदा. तेलंगणातल्या निर्मलमधल्या विद्यार्थ्याला रस्ता शोधायला नको: गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 थेट मदुराईला जातो, तिथून रामेश्वरमचा फाटा आहे.

निर्मलमध्ये विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो: एवढे श्रीरामसागर धरणाचे पाणी उशाशी असताना तमिळनाडूत कशाला जायचे? समुद्रापासून दूरच्या जलाशयांवर शिडाचा खेळ होत नाही असे नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर वर्षानुवर्षे शर्यती होतात, आणि मध्य प्रदेशातल्या देवासच्या नेहा ठाकूरने भोपाळमध्ये सराव करून हांगझोऊ आशियाई स्पर्धेत, 2023 मध्ये, आयएलसीए-4 या शिडाच्या होडीच्या प्रकारात रौप्य मिळवले. पण शिडाची होडी आणि काइट यांत फरक आहे. शीड झोत आल्यावर क्षणात ढिले सोडता येते, होडी उलटली तरी ती धरून राहता येते. काइट वीस मीटर उंचीवरचा वारा पकडते, जो खालच्यापेक्षा वेगळा असतो, आणि तिला उडवायला वाऱ्याच्या दिशेने मोकळी जागा लागते.

श्रीरामसागराचा नकाशा पाहिला की उत्तर मिळते. 26 जुलै 1963 रोजी पायाभरणी झालेल्या या धरणाचे पाणी पश्चिमेला बासरकडून पूर्वेला पोचंपाडकडे पसरलेले आहे आणि धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला आहे. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे दोर तुटला, रिलीज उघडावे लागले किंवा बोर्ड हातचा गेला, तर वारा माणसाला 42 दरवाजांच्या भिंतीकडे नेणार. वर नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात, त्यामुळे वाऱ्याचा मोसम आणि पुराचा मोसम एकच. जवळच्या कडेम धरणाकडे तर पाहूच नये. जुलै 2022 मध्ये तिथे दरवाजांच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी आले होते. उन्हाळ्यात पाणी उतरते, पण तेव्हा वळवाची वादळे अवचित येतात, काठावर चिखल असतो आणि मासेमारांची जाळी पसरलेली असतात.

निर्मल, भैंसा, मुधोळ किंवा शेजारच्या किनवटला जमिनीवरचा धडा मात्र उत्तम होऊ शकतो. विजेच्या तारांपासून दूर, मोठे मोकळे मैदान हवे. कापूस वेचून झालेले शेत मोकळे दिसते, पण पऱ्हाट्यांचे बुडखे पायात घुसतात आणि कापड फाडतात. झाडे आणि इमारती यांच्यामागे, त्यांच्या उंचीच्या सातपट अंतरापर्यंत, वारा घोटाळतो. तिथे ट्रेनर काइट कोसळत राहते आणि विद्यार्थ्याला आपलेच चुकते आहे असे वाटते. एप्रिल-मेच्या भर दुपारी वावटळी उठतात, त्यामुळे सराव सकाळी किंवा ऊन उतरल्यावर ठेवावा. हे आठ-दहा दिवस नीट झाले तर किनाऱ्यावरचे महागडे तास वाचतात.

जलाशयावर काइटसर्फिंगची परवानगी मागण्याचा विचार करणाऱ्या मंडळांनी अर्जात आधी इंजिनाची बचाव-होडी, ती चालवणारा प्रशिक्षित माणूस आणि धरणाच्या भिंतीपासून राखायचे अंतर या तीन गोष्टी लिहाव्यात. त्या लिहिता येत नसतील तर अर्ज करू नये.